मदत हवी आहे: सहावा आठवडा, बीपीची गोळी आणि दमा

माझं वय ३४, पहिलंच गरोदरपण, सहावा आठवडा. दोन वर्षांपासून बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० सुरू होती. टेस्ट पॉझिटिव्ह येताच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ती लगेच बंद करून लॅबेटालॉल १०० सकाळ-संध्याकाळ दिली. टेल्मिसार्टन बाळाच्या किडनीला घातक ठरते ती मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढे, त्यामुळे आधी घेतलेल्या गोळ्यांनी घाबरू नका, सोनोग्राफीत नीट बघू, असं त्या म्हणाल्या. तेवढ्याने खरंच धीर आला.

अडचण वेगळी आहे. मला लहानपणापासून दमा आहे, थंडीत पंप लागतो. हे फोनवर सांगायचं राहिलं आणि लॅबेटालॉलच्या कागदावर दम्याच्या रुग्णांसाठी इशारा छापलाय. पहिली गोळी अजून घेतलेली नाही. घरच्या मशीनवर बीपी १४४/९२ च्या आसपास. डोकेदुखी, सूज नाही. शुगर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल. डॉक्टरांना मेसेज टाकलाय, उत्तर आलं नाही तर उद्या सकाळी दवाखान्यातच जाणार आहे. मनाने कुठलीही गोळी घेणार नाही.

दमा असलेल्या कुणाला गरोदरपणात बीपीसाठी लॅबेटालॉलऐवजी निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा दिली होती का? बीपी आटोक्यात राहिलं का, आणि उद्या डॉक्टरांना आणखी काय विचारू?