प्रतिसाद: भेट ऑनलाइन नको, आणि रविवारीही नको

आपल्या इलेक्ट्रॉनिक्स गटाची भेट ऑनलाइनच घ्या, कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) आहेच, मग कर्जत-विरारहून लोकांनी लोकलने का यावं, हा वरचा मुद्दा निव्वळ सॉफ्टवेअरला लागू पडतो. बोर्डाला नाही. माझा ईएसपी32 (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) तीन आठवडे मधूनच बूट व्हायचा नाही. सीरियल लॉग (बोर्ड संगणकाला पाठवतो त्या नोंदी) फोरमवर टाकून झाला, केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला. शेवटी दादरच्या एका भेटीत शेजारी बसलेल्या मुलीने ब्रेडबोर्ड (वायरी खोचून सर्किट जुळवायची पट्टी) जवळ ओढला आणि विचारलं, "12 नंबरच्या पिनवर काय लावलंय?" एसडी कार्ड मॉड्यूलची वायर होती, पुल-अपसकट, म्हणजे पिनवर व्होल्टेज टिकवून तिला 'हाय' ठेवणाऱ्या रेझिस्टरसकट. बूट होताना ती पिन हाय असली की चिप फ्लॅशला (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीला) 3.3 ऐवजी 1.8 व्होल्ट देते, मग बूट अडतं. वायर काढली, बोर्ड लगेच सुरू! सर्किटचा फोटो मी कुठेच टाकला नव्हता, कारण चूक तिथे असेल असं वाटलंच नव्हतं.

फक्त रविवार नको. मेगाब्लॉक असतो, शिवाय ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडची इलेक्ट्रॉनिक्सची बहुतेक दुकानं बंद. शनिवारी ग्रँट रोडच्या आसपास जमलो, तर एखादा रेझिस्टर कमी पडला तरी पंधरा मिनिटांत आणता येईल. मी मल्टिमीटर आणि लॉजिक ॲनालायझर (पिनवरचे सिग्नल दाखवणारं यंत्र) घेऊन येतो.