हालाँग बे, बोटीवर रात्रीचा मुक्काम : खान्देशातल्या मंडळींनो, अनुभव लिहा

दिवाळीनंतर व्हिएतनामला जायचं घाटतंय. आई-बाबा, मावशी आणि आम्ही दोघं. हनोई, मग हालाँगला बोटीवर एक रात्र, पुढे दा नांग. टूरवाल्याने क्रूझचा भाव सांगितला तेव्हा नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. बाबांच्या गुडघ्यांची कुरबुर आहेच. आईने 'रात्रभर पाण्यावर झोपायचं?' म्हणत आत्ताच ओवा-सुंठेची पुरचुंडी बांधली. जळगाव-धुळ्याकडचे बरेच जण जाऊन आलेत असं कानावर येतं. खाणं, चढउतार, हवा, पैसा, जे घडलं ते लिहा. ब्रोशरमधलं नको, ते पाठ झालंय.

सावद्याहून
आम्ही केळीवाल्यांचा ग्रूप गेलो होतो. हनोईहून सकाळी बस निघते, एक्स्प्रेसवेने अडीच तासांत धक्का. तिथून छोट्या बोटीने मोठ्या बोटीवर. आईंना सांगा, ओवा जेवणानंतर खायला लागेल, उलटीसाठी नाही. युनेस्कोच्या हिशेबाने तिथे 1,600 च्या आसपास चुनखडीची बेटं आहेत, एकामागे एक, त्यामुळे बाहेरची लाट आत येतच नाही. पोटातलं पाणी हललं नाही. वारा सुटला की आमच्या हतनूरच्या पाण्यात जास्त हेलकावे बसतात!
रात्री बोटी नेमून दिलेल्या जागी नांगर टाकतात. जनरेटरची घरघर मात्र असते, मागची केबिन घेऊ नका. नाश्त्याला बोटभर केळी होती. आमच्यातल्या एकाने साल, गर, देठ सगळं तपासून निकाल दिला : चव चांगली, पण घडाला वजन नसणार.

धुळ्याहून, जैन कुटुंब
खाण्याचं मी सांगते. 'व्हेज' एवढ्यावर थांबू नका. त्यांच्याकडे माशाचं पाणी, नुओक माम, मिठासारखं वापरतात. आमच्या पपईच्या सॅलडमध्ये तेच निघालं आणि सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. मग गाइडने 'आन चाय' म्हणायला शिकवलं. तिथले बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्याला हा शब्द. देवळाच्या पद्धतीच्या जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, म्हणून आमचं म्हणणं आचाऱ्याला पटकन कळलं. बुकिंग करतानाच लेखी कळवा, बोट निघाल्यावर बाजारात जाता येत नाही.
संध्याकाळी डेकवर स्प्रिंग रोल शिकवतात. तांदळाचा पातळ कागद ओला करायचा, त्यात गाजर आणि काचेसारख्या शेवया भरून गुंडाळायचं. बाकीच्यांचे फाटत होते. आमच्या सासूबाईंचा जन्म पापड-बिबड्यांत गेलेला, त्यांनी प्लेट भरली. नंतर त्यांनी पिशवीतली ज्वारीची बिबडी आचाऱ्याला दिली. त्याने तेलात सोडली, ती फुलून कढईच्या काठाला टेकली, तसा तो आतल्या पोऱ्याला हाका मारायला लागला. फोटो आहे, पण सासूबाईंची परवानगी नाही.

भुसावळहून, रेल्वेतून निवृत्त
गुडघेवाल्यांसाठी. 'ती टॉप' नावाच्या बेटावर माथ्यापर्यंत 400 हून जास्त पायऱ्या आहेत. मी चढलो नाही, खाली वाळूत बसलो. तिथे गेरमान तितोवचा पुतळा आहे. गागारिननंतर पृथ्वीभोवती फिरलेला दुसरा माणूस, 1961 साल. पुढच्या वर्षी व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांच्याबरोबर तो इथे आला, म्हणून बेटाला त्याचं नाव. बरोबरचे सगळे वर सेल्फी काढत होते, मी त्या सोव्हिएत गड्याजवळ निवांत होतो. वेळ चांगला गेला.
सुंग सोत गुहेतही पायऱ्या आहेत, उंचसखल आणि ओलसर. खरी कसोटी मात्र छोट्या बोटीतून मोठीवर पाय टाकताना. दोन्ही हलत असतात. खलाशी दंड धरतात, तरी वडिलांना काठी द्या आणि खालच्या डेकची केबिन मागा. जेवणाचा हॉल वर आहे का, तेही विचारा.

शिरपूरहून
मी जरा उलटं लिहितो. सकाळी 'ताई ची'चा चिनी व्यायाम, मग गुहा, मग कायाक म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, मग केबिन रिकामी करा. सगळ्या बोटी त्याच वेळी त्याच गुहेच्या तोंडाशी. सुंग सोतला रांगेत पुढच्याची पाठच पाहिली. वडील म्हणाले, "आमी फिराले उनूत का पयाले?" वरून रात्री शेजारच्या बोटीवर कराओके.
म्हणून बोटीचे स्टार मोजू नका, मार्ग विचारा. कात बा बेटालगतचा 'लान हा' उपसागर किंवा पूर्वेचा 'बाय तू लाँग', डोंगर तेच आणि गर्दी कमी. 'लान हा'मध्ये कायाकने खडकाखालच्या बोगद्यातून आत शिरलो, चारी बाजूंनी कडे आणि आवाज फक्त वल्ह्याचा. या एका तासासाठी मी परत जाईन, बाकीच्यासाठी नाही.

चाळीसगावहून
फेब्रुवारीत गेलो. धुकं आणि झिमझिम. पन्नास फुटांपलीकडचं दिसेना, स्वेटर लागला. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, तुमची वेळ बरोबर आहे.

नंदुरबारहून, आरोग्य खात्यात
नर्मदेच्या बॅकवॉटरला पाड्यांवर लस घेऊन आम्ही बोटीनेच जातो, त्यामुळे मला डोंगर-पाण्याचं अप्रूप कमी, बोटीचं जास्त. चढल्याबरोबर लाइफ जॅकेट कुठे आहेत ते पाहिलं. केबिनच्या कपाटात होती, पट्ट्या नीट होत्या. आई-बाबांना एकदा घालून दाखवा. नवरा हसेल, हसू द्या.
कारण जुलै 2025 मध्ये तिथे अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटली, तीसहून जास्त माणसं गेली. ती दिवसाच्या फेरीची होती. सप्टेंबर 2024 च्या यागी वादळानेही त्या किनाऱ्याची वाताहत केली होती. जुलै ते सप्टेंबर टाळाच. हवा बिघडली की बंदर प्रशासन बोटी सोडत नाही, आणि तेच बरं.
आमची रात्र अशीच रद्द झाली, हनोईतच राहिलो. आमच्या टूरवाल्याने फरकाचे पैसे 'पुढच्या ट्रिपला वळते करू' म्हणत अजून दिलेले नाहीत. परताव्याची अट आधी लिहून घ्या. नंतर मुलीच्या हट्टापायी पुन्हा गेलो तेव्हा कुठे बोटीवर झोपलो.

अमळनेरहून
पैशाचं : ढोबळमानाने तीनशे डाँगला एक रुपया धरा. बिलावर लाखांचे आकडे दिसतात, घाबरू नका. जेवण पॅकेजात असतं, पिणं बहुधा नसतं, पाण्याच्या बाटलीपासून विचारून घ्या. रात्री माकूळ पकडायला गळ देतात. आम्हाला एकही मिळाला नाही, पण दिव्याच्या उजेडात बारीक मासे जमलेले पाहत पोरं बारापर्यंत जागी होती.

पुन्हा मीच, जळगाव
सगळ्यांचे आभार. लान हाचा मार्ग, खालची केबिन, आणि परताव्याचं लेखी, एवढं टूरवाल्याला आजच विचारते. बिबडी आईला वाचून दाखवली, ओव्याची पुरचुंडी लगेच लहान झाली. ई-व्हिसाचं कुणी सांगेल का?

पाचोऱ्याहून
ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदाच प्रवेशाची फी 25 डॉलर. सरकारी साइटवरूनच भरा, हुबेहूब दिसणाऱ्या एजंटांच्या साइट खूप आहेत. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे बापाचं नाव मधे असतं, ते गाळलं की विमानतळावर विचारणा होते.