भाड्याची गाडी म्युनिकहून थेट दुब्रोव्हनिकपर्यंत नेता येते का?

पायवाट:
जूनमध्ये मी, नवरा आणि सासू-सासरे म्युनिकला उतरतोय. तिथे गाडी भाड्याने घेऊन ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग, स्लोव्हेनियातलं ब्लेड आणि ल्युब्ल्याना, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक असा बेत आहे. मध्ये एक दिवस मोस्तारचा पूल बघायचा, हा सासऱ्यांचा हट्ट. बुकिंगच्या साइटवर 'अनलिमिटेड किलोमीटर' ठळक अक्षरांत आहे, पण सीमा ओलांडण्याबद्दल अवाक्षर नाही. नवरा म्हणतो, शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) सीमा उरल्यात कुठे, न विचारता जाऊ. मला धीर होत नाही. गाडी दुब्रोव्हनिकलाच सोडावी की म्युनिकला परत आणावी, तेही कळत नाहीये. माहितगारांनी सांगावं, आगाऊ धन्यवाद.

निवांत७:
एवढं टेन्शन घेऊ नका. आम्ही जर्मनीतून ऑस्ट्रियात गेलो, कुणी हटकलंसुद्धा नाही. ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे महामार्ग वापरायचा पास, तेवढा काढा.

किल्लीवाली:
हटकत नाहीत हे खरंच आहे. पण प्रश्न पोलिसांचा नाही, इन्शुरन्सचा आहे.

मी जर्मनीत गाड्या भाड्याने देणाऱ्या काउंटरवर काही वर्षं नोकरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पायवाट, तुम्हाला हवं ते भाडेअटींच्या पानावर 'क्रॉस-बॉर्डर' नावाच्या परिच्छेदात सापडेल. तिथे देशांचे गट पाडलेले असतात. काही देशांत गाडी अशीच नेता येते, काहींत आधी सांगून आणि जादा शुल्क भरून, काहींत अजिबातच नाही. ऑस्ट्रियाला सहसा अडचण नसते. स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाचं कंपनीगणिक बदलतं, आणि बोस्नियाला अनेक कंपन्या नाहीच म्हणतात.

शिवाय गाडी कोणती तेही बघतात. साध्या हॅचबॅकला जिथे परवानगी, तिथे मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, आउडीला मनाई असू शकते. म्हणून काउंटरवरच्या मुलाने हसतमुखाने 'फ्री अपग्रेड देतो' म्हटलं, तर हुरळून जाऊ नका. ह्याच गाडीला क्रोएशिया चालतं का, ते आधी विचारा. साधी गाडी बुक करून आलेल्या गिऱ्हाइकाने मोठी गाडी आनंदाने उचलावी आणि मनाईची ओळ दुसऱ्या दिवशी हॉटेलात वाचावी, मग फोनवर रडारड. हे मी भरपूर पाहिलंय.

तोंडी 'हो'वर विसंबू नका. किल्ली हातात घेण्याआधी करारपत्रावर त्या त्या देशाचं नाव छापून आलंय का, ते स्वतः वाचा. मागे रांग खोळंबली तरी वाचा. शिफ्ट बदलली की कोण काय बोललं होतं ते कुणाला आठवत नाही. परवानगी नसलेल्या देशात गाडी ठोकली, तर 'झीरो एक्सेस' (नुकसान झालं तरी आपल्या खिशातून काही भरायचं नाही असा विमा) घेतलेलं असूनही ते संरक्षण लागू होत नाही, असं अटींत असतं. मग टोइंग, दुरुस्ती, गाडी परत आणण्याचा खर्च, सगळं ज्याच्या नावावर करार त्याच्या कार्डावर. बऱ्याच गाड्यांत हल्ली ट्रॅकरही असतो, हे तुमच्या मिस्टरांच्या कानावर घाला.

आता विन्येट. डिजिटल विन्येट गाडीच्या नंबरला जोडलेलं असतं, त्यामुळे निघण्याआधी घरून काढून ठेवता येत नाही. पार्किंगमध्ये गाडीसमोर उभं राहून नंबर बघत बघत भरा. गाडीच्या नोंदणीचा देश जर्मनी निवडा, आणि इंग्रजी ओ आणि शून्य यांत गल्लत होऊ देऊ नका. ऑस्ट्रियाचं विन्येट असलं तरी तुमच्या वाटेवर ए-१० महामार्गावरच्या टाउर्न भागाचा टोल वेगळा, आणि स्लोव्हेनियात शिरताना काराव्हांकन बोगद्याचाही वेगळा. स्लोव्हेनियात २०२२ पासून काचेवरचं स्टिकर गेलं, तिथेही ई-विन्येटच, कमीत कमी आठवड्याचं. क्रोएशियात विन्येट नाही, अंतराप्रमाणे टोल. चुकून दंड आला तर पोलिसांना तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे पैसे कंपनी वरून घेते.

आणि पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी ठेवा. शेंगेन असलं तरी ऑस्ट्रियातून जर्मनीत परत शिरताना तपासणी होते.

अनु_प:
किल्लीवाली ताईंना +१. पण मोस्तारचा मुद्दा राहिलाच की! मोस्तार बोस्नियात, आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. पायवाट, चौघांच्याही व्हिसाच्या स्टिकरवर 'नंबर ऑफ एंट्रीज'खाली काय आहे ते आज बघा. १ असेल तर बोस्नियात पाऊल टाकलं की तो व्हिसा संपला, संध्याकाळी दुब्रोव्हनिकच्या हॉटेलवर परतता येणार नाही. गाडीने जा नाहीतर टूरच्या बसने.

पूर्वी दुब्रोव्हनिकला रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांनाच ही कटकट होती. न्यूमपाशी बोस्नियाची चिंचोळी पट्टी समुद्राला भिडते आणि क्रोएशियाचा किनारा तुटतो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल झाला आणि क्रोएशियातल्या क्रोएशियात जाता यायला लागलं. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्येही आलं. मात्र गाडीतला नकाशा जुना असेल तर तो न्यूमवरून नेईल. पाट्या बघून पुलाकडे वळा.

पायवाट:
बाप रे, व्हिसाचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच चारही पासपोर्ट काढले, सगळ्यांवर मल्टिपल आहे. सासरेबुवांना मोस्तार बसने दाखवू, गाडी त्या दिवशी दुब्रोव्हनिकला उभी राहील. आता फक्त गाडी सोडायची कुठे?

किल्लीवाली:
एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली, तर वन-वे शुल्क कधीकधी भाड्यापेक्षा जास्त पडतं, कारण ती गाडी कुणीतरी चालवत परत आणावी लागते. म्युनिकला परत न्यायची तर हजारेक किलोमीटर पुन्हा तोच रस्ता. सासू-सासऱ्यांना घेऊन मी तरी ते करणार नाही.

मी असते तर म्युनिकला गाडीच घेतली नसती. साल्झबर्ग, फिलाखमार्गे ल्युब्ल्यानाला रेल्वे जाते, वाटेत लेस्त्से-ब्लेड स्टेशन लागतं, तिथून ब्लेडचं तळं जवळच. ल्युब्ल्यानाहून झाग्रेबही रेल्वेने गाठा आणि गाडी झाग्रेबला घ्या. ती दुब्रोव्हनिकला सोडली तरी देश एकच, त्यामुळे वन-वे पुष्कळ स्वस्त पडतं, काही ठिकाणी लागतही नाही. परतीचं विमान म्युनिकहूनच काढलंय का? नसेल तर थांबा, दुब्रोव्हनिकहून बघा.