शब्दचर्चा : ‘सॅटेलाइट मॅप’ला काय म्हणावं? प्रतिमा, नकाशा की पट?

प्रश्न
गेमसाठी स्वतःचा मॅप कसा बनवायचा यावर मराठीत एक टिपण लिहायला घेतलंय. खऱ्या डोंगररांगेचा एक तुकडा उचलायचा आणि गेम इंजिनात उभा करायचा, एवढाच विषय. पहिल्याच वाक्यात गाडी अडली. ‘आधी त्या भागाचा सॅटेलाइट मॅप मिळवा’ असं लिहिलं आणि खोडलं. उपग्रह नकाशा? उपग्रह छायाचित्र? उपग्रह प्रतिमा? मागे हाइटमॅप (जागोजागची उंची करड्या छटांत सांगणारं चित्र), टेक्श्चर (जमिनीवर चढवायचं चित्र), रेझोल्यूशन रांगेत उभे आहेतच.

प्रतिसाद १
नकाशा नको. नकाशा माणूस काढतो, काय दाखवायचं आणि काय गाळायचं ते ठरवून. उपग्रहाकडून जे येतं त्यात अशी निवड नसते. ढग आला की ढगासकट येतं. ‘उपग्रह प्रतिमा’ बऱ्यापैकी रुळलाय, तोच घ्या.

‘छायाचित्र’ बातम्यांपुरतं ठीक. सेंटिनेल-२ हा युरोपचा भूनिरीक्षण उपग्रह कॅमेऱ्यासारखा खटका दाबून फोटो काढत नाही. खालची जमीन ओळीओळीने टिपत पुढे सरकतो, आणि तीही १३ वेगवेगळ्या वर्णपट्ट्यांत. त्यातले लाल, हिरवा आणि निळा हे १० मीटरवाले (चित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) पट्टे जुळवून रंगीत चित्र आपण घडवतो.

एका अर्थानं मात्र ते छायाचित्रच. हा उपग्रह स्थानिक सौरवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो, त्यामुळे कर्कवृत्ताच्या उत्तरेकडे डोंगरांच्या सावल्या वायव्येला पडलेल्या असतात. त्या प्रतिमेसोबत गेममध्ये येतात आणि जमिनीला चिकटूनच राहतात. गेममधला सूर्य पश्चिमेला कलला की एका डोंगराला दोन सावल्या! उन्हाळ्यातली, सूर्य जास्तीत जास्त वर असतानाची प्रतिमा निवडली तर हा त्रास कमी होतो.

प्रतिसाद २
शब्द बरोबर आहे, पण वाक्य अजून फसवंच. ‘उपग्रह प्रतिमा मिळवा’ वाचून नवखा माणूस प्रतिमा उतरवून घेईल आणि तिच्यात डोंगर शोधत बसेल. मी बसलो होतो. प्रतिमा करड्या रंगात बदलली आणि तीच उंची म्हणून इंजिनाला दिली. बर्फ पांढरा, म्हणून त्याची शिखरं झाली, ते एक वेळ शोभलं. पण गर्द जंगल खड्ड्यात गेलं आणि एका कोपऱ्यातल्या ढगाचं छान पठार झालं.

प्रतिमेत फक्त रंग असतो. उंची वेगळी आणावी लागते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानानं ११ दिवसांत रडारनं पृथ्वी मोजली. त्यातून झालेली एसआरटीएम ही माहिती ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्या पट्ट्याची आहे, सुमारे ३० मीटरला एक आकडा. त्यापलीकडचा मुलूख हवा असेल तर कोपर्निकस या युरोपच्या भूनिरीक्षण कार्यक्रमाची ३० मीटरचीच उंची आहे.

तेव्हा हाइटमॅपला स्वतंत्र शब्द हवाच. मी ‘उंचीपट’ सुचवतो. बुद्धिबळाचा पट असतो, सोंगट्यांचा असतो, म्हणजे ज्यावर खेळायचं तो पट. मग गेमचा मॅप म्हणजे ‘पट’ आणि त्याची उंची सांगणारा तो उंचीपट.

प्रतिसाद ३
दुप्पट, तिप्पट, उंचीपट. वाचणारा विचारेल, कितीपट?

प्रतिसाद २
हसलो. हरलो. ‘उंचीनकाशा’ करा. ‘पट’ मात्र मी सोडणार नाही.

प्रतिसाद ४
काहीही करा, फक्त उंचीच्या माहितीला (इंग्रजीत ‘डिजिटल एलिव्हेशन मॉडेल’) ‘अंकीय उन्नतांश प्रतिमान’ असलं काही लिहू नका. उन्नतांश हा खगोलाचा शब्द आहे, तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते सांगणारा. आणि प्रतिमा-प्रतिमानमध्ये एका अक्षराचा फरक. घाईत वाचणारा नक्की घसरणार.

त्यापेक्षा एक खरा भेद शब्दात पकडायला हवा: ‘जमिनीची उंची’ आणि ‘माथ्याची उंची’. वरच्या दोन्ही माहित्या माथ्याच्या बाजूच्या. दाट जंगलात रडारची लहर झाडांच्या शेंड्याफांद्यांवरूनच बरीचशी परतते. ती उंची जमीन समजून तुम्ही गेममध्ये वर जंगल लावलंत की झाडांवर झाडं उभी राहतात आणि जंगलाच्या कडेला विनाकारण दरड दिसते.

टेक्श्चरला ‘पोत’ बिनधास्त वापरा. कापडाचा पोत, जमिनीचा पोत, सगळं आपलंच आहे. क्रियापद ‘चढवणे’: मुलामा चढवतो तशी प्रतिमा चढवायची.

प्रतिसाद १
पोत चालेल, त्यातूनच पुढचंही सुचतंय. ‘रेझोल्यूशन जास्त’ म्हटलं की गोंधळ ठरलेला, कारण १० मीटर हे ३० मीटरपेक्षा ‘जास्त’. ‘विभेदन’ शब्द बरोबर आहे, पण तोही कमी-जास्त म्हणताना तिथेच अडकतो. कापडासारखं ‘बारीक’ आणि ‘भरड’ म्हणा. दहा मीटरची प्रतिमा बारीक, तीसची भरड.

हिशेबही सांगा. नऊ किलोमीटरचा चौकोन ३० मीटरनं मोजला तर एका बाजूला ३०० आकडे मिळतात. युनिटी या गेम इंजिनाला १०२५सारखे ठरावीक आकडे हवेत, अनरील या दुसऱ्या इंजिनाला १००९ बसतात. मधले सगळे आकडे सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. म्हणून लांबून डोंगर हुबेहूब आणि पायाखाली साबणाची वडी. जवळचे खडक-घळी हातानंच घालाव्या लागतात.

प्रतिसाद ३
‘पायऱ्या’ हा शब्दही टिपणात घ्या. ८ बिटच्या चित्रात २५६च छटा, म्हणजे हजार मीटरच्या डोंगराला जवळजवळ चार-चार मीटरच्या पायऱ्या पडतात. १६ बिटच हवं.

आणि ‘भोकं’. एसआरटीएमच्या कच्च्या फायलीत जिथे मोजमाप नाही तिथे −३२७६८ लिहिलेलं असतं. ते न बुजवता मी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात कमी ते सगळ्यात जास्त अशी छटा ताणली. हजार मीटरची अख्खी रांग वरच्या तीन टक्क्यांत चेपली गेली. मैदान सपाट आणि मधोमध तळ नसलेली विहीर. अर्धा दिवस इंजिनाला शिव्या घातल्या.

प्रतिसाद ४
मूळ प्रश्नातलं ‘तुकडा उचलायचा’ मला खटकतंय. उचलणे म्हणजे काय ते आपण सगळे जाणतो! ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांची गल्लत टाळा. गूगल अर्थ बघायला मोफत आहे. त्यातली प्रतिमा काढून गेममध्ये चढवायची मोकळीक त्याच्या अटी देत नाहीत. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा २००८ पासून मुक्त आहेत. सेंटिनेलही मुक्त, फक्त कोपर्निकसच्या नावाची श्रेयओळ द्यायची. ती गेमच्या श्रेयनामावलीत टाकली की झालं.

मूळ प्रश्नकर्ता
‘उचलायचा’ काढलं. ‘पट’ आवडला, पण खेळणारे ‘मॅप’च म्हणतात, तेव्हा मॅप ठेवतोय. पहिलं वाक्य आता असं: ‘आधी त्या भागाची उंची मिळवा, मग त्यावर चढवायला मुक्त परवान्याची उपग्रह प्रतिमा.’

प्रतिसाद ३
‘त्यावर’ नाही, ‘तिच्यावर’. उंची स्त्रीलिंगी.