घरातले माणूस गेल्यानंतर: कशाने आधार मिळाला, कशाने नाही

समाचाराला गेल्यावर काय बोलावे, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. बहुतेक जण "फार वाईट झाले" एवढे म्हणून गप्प बसतात आणि थोड्या वेळाने उठतात. उठताना "येतो" म्हणायचे नाही, हे मात्र सगळ्यांना पक्के ठाऊक असते. दहावा-तेरावा, जियारत, जलदान विधी, चर्चमधली महिन्याची मिस्सा अशा निरनिराळ्या रीतींनी आपण आपापल्या माणसांना निरोप देतो. त्या रीतींचे समर्थन किंवा खंडन येथे नको आहे. विचारायचे आहे ते इतकेच, की आपल्या घरी दुःख घडले तेव्हा कोणत्या रीतीने, कोणत्या माणसाने, कोणत्या कृतीने प्रत्यक्ष आधार मिळाला आणि कशाचा उलट त्रास झाला. नाव लिहू नये, नाते जरूर लिहावे. व्हॉट्सॲपच्या गटात हात जोडलेल्या चित्रांची जी रांग लागते तिच्याबद्दल लिहिले तरी चालेल, कारण आता तोही एक विधीच झाला आहे. या आवाहनाला उत्तर म्हणून आलेले अनुभव शुद्धलेखनाची किरकोळ दुरुस्ती करून खाली देत आहे.

सातारा जिल्हा, थोरली मुलगी

आमच्या भागात माती झाली की त्या घरात चूल पेटत नाही. भावकीतून पिठले-भाकरी येते, आणि कोणत्या वेळेला कोणाच्या घरून काय यायचे हे कोणी न ठरवताच ठरलेले असते. वडील गेले तेव्हा मी आईला धरून बसले होते. तिला सर्वांत मोठा आधार झाला तो धाकट्या काकूचा, जिने सांत्वनाचे एक वाक्यही उच्चारले नाही. ती अंधार असतानाच यायची, म्हशींची धार काढायची, डेअरीला दूध घालायची, किटली घासून पालथी ठेवायची आणि आपल्या घरी निघून जायची. रडता रडता आईचे कान गोठ्याकडे लागलेले असत, हे इतक्या गर्दीत फक्त काकूने ओळखले होते.

दहाव्याचे सांगते. नदीवर पिंड मांडले, सगळे मागे सरून उभे राहिले, पण समोरच्या करंजावरचे कावळे काही खाली येईनात. अशा वेळी मयताची इच्छा कशात अडकली असेल याचा अंदाज घेत एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. भाऊ म्हणाला, "तात्या, आईला अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. मी धाकटीच्या लग्नाचे बोलले, तरीही नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला होता, तेवढ्यात थोरले चुलते टोपी काढून पुढे झाले. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचा आणि तात्यांचा कित्येक वर्षे अबोला होता. ते म्हणाले, "तुझ्या पोरांच्या पाळीला मी आडवा येणार नाही." त्यानंतर थोड्या वेळाने कावळा शिवला. तो त्या शब्दामुळे आला की भुकेमुळे, यावर आमच्या घरात अजून वाद होतो, कारण भाऊ विज्ञान शिकवतो आणि आई कोणाचे ऐकत नाही. मला त्या वादात पडायचे नाही. चारचौघांत, नदीच्या काठावर दिलेला शब्द मागे घेता येत नाही आणि त्या दिवसापासून पाळीवरून भांडण झालेले नाही, एवढे मी पाहिले आहे.

कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका, पत्नी

2022 च्या मे महिन्यात आमच्याच तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. पती मरण पावल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे सर्व थांबवावे, असा त्याचा आशय होता. मी ती बातमी वाचली होती, तेव्हा ती माझ्यासाठी आहे असे वाटले नव्हते.

पुढे माझे यजमान गेले. अंगणात बायका जमल्या, एकीने बांगड्यांसाठी दगडही आणून ठेवला, तेव्हा माझ्या सासूबाई, ज्यांचा स्वतःचा मुलगा समोर निजवलेला होता, उठल्या आणि म्हणाल्या, "तिच्या हाताला कोणी हात लावायचा नाही. माझे फोडले तेवढे पुरे झाले." एवढे बोलून त्या पुन्हा मुलाच्या उशाशी जाऊन बसल्या. ठराव आमच्या अंगणापर्यंत आला तो असा.

मात्र पुढची गोष्टही लिहायला हवी. त्या वर्षी संक्रांतीला गल्लीतल्या बायका एकमेकींकडे जात होत्या आणि आमच्या दारावरून पुढे जात होत्या. कोणी वाईट बोलले नाही, बोलावलेही नाही. ते बदलले माझ्या नणंदेमुळे. तिच्या सुनेच्या ओटभरणीला तिने मला पहिल्या रांगेत बसवले आणि नारळ माझ्या हातात देऊन सर्वांसमोर सांगितले, "वहिनी, पहिली ओटी तुम्ही भरायची." दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले. मी ओटी भरली. नात सुखरूप जन्मली, आणि ही गोष्ट नणंद आजही मुद्दाम चारचौघींत सांगते.

पुणे, मुलगा

बाबा 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. आई त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर प्राणवायूवर होती आणि तिला कळू द्यायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून मी खाली बाबांच्या कागदांवर सही करून, तोंड धुऊन, वर जाऊन तिला "बाबा बरे आहेत, झोपलेत" असे सांगून आलो. शव बांधलेले होते, चेहरा क्षणभर दाखवला. खांदा देणे नाही, मडके नाही, समाचाराला येणारे कोणी नाही. पूर्वी मला या गर्दीचा कंटाळा असे. ती नसते तेव्हा घर कसे होते ते मी पाहिले आहे.

शेजारचे कुटुंब रोज दाराच्या कडीला डबा अडकवून बेल वाजवून निघून जाई. फोन पुष्कळ आले. त्यातले बरेचसे "ऑक्सिजन किती होता, रेमडेसिव्हिर कधी दिले" अशी चौकशी करणारे होते, जणू माझ्या उत्तरात कुठे चूक सापडली की त्यांचे स्वतःचे बाबा सुरक्षित राहणार होते. याउलट एक जुना सहकारी दर रविवारी फोन करून क्रिकेट, पेट्रोलचे भाव, काहीही बोलायचा आणि बाबांचा विषय मी काढला तर ऐकून घ्यायचा.

वर्षश्राद्ध आम्ही ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने केले. पौरोहित्याला एक बाई होत्या, त्या प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगत होत्या, आणि बहीण माझ्या शेजारी बसून सगळे करत होती. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने बाबांची एकेक आठवण सांगितली. त्यांनी सोसायटीच्या रखवालदाराच्या मुलाला गणित शिकवले होते, हे आम्हांला त्या दिवशी समजले. आई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी रडली.

रत्नागिरी, पत्नी

आमच्यात पतीच्या मृत्यूनंतर पत्नीने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते. या काळात ती गरजेशिवाय घराबाहेर पडत नाही, नटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही कोंडी वाटते आणि काही दिवस मलाही तसेच वाटले. पण कोणाच्या लग्नाला या, आता सावरा, कामाला लागा असे म्हणण्याची मुभा त्या काळात कोणालाच नव्हती, याचा मला फायदा झाला. पहिले तीन दिवस जेवण शेजाऱ्यांकडून आले. खालच्या वाडीतल्या भंडारी कुटुंबाने तांदळाची भाकरी आणि मुगाची आमटी पाठवली, मासळी मुद्दाम टाळली, ते माझ्या लक्षात राहिले आहे.

नागपूर, आई आणि शिक्षिका

सासरे वारले तेव्हा माझा मुलगा दुसरीत होता. "आजोबा झोपलेत" असे त्याला कोणीतरी सांगितले आणि पुढे कित्येक रात्री तो झोपायला तयार होईना, मलाही झोपू देईना. शेवटी मी त्याला सरळ सांगितले, की आजोबांचे शरीर थांबले, आता ते बोलणार नाहीत, आणि त्याला झोप कारण नाही. जलदान विधीला त्याला शेजारच्यांकडे ठेवावे असे बहुतेकांचे मत होते. मी त्याला बरोबर बसवले. पांढरा सदरा घालून तो सर्वांबरोबर त्रिशरण-पंचशील म्हणाला, तसबिरीला फुले वाहिली आणि मग भन्तेजींना विचारले, "आजोबांची सायकल आता कोणाची?" मोठी माणसे दचकली. भन्तेजी म्हणाले, "तू शिकेपर्यंत बाबांची, मग तुझी." शाळेत असे मूल असले, तर शिक्षकांनी विषय टाळू नये असे मी आता सांगते, वर्गाला तसेही सगळे कळलेले असते.

बार्शी, बहीण

पहिली दिवाळी दुःखाची म्हणून सगळे नातेवाईक फराळ घेऊन भेटायला आले, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवाळीला कोणीही आले नाही. भाऊ दुसऱ्या वर्षीही गेलेलाच होता. त्या वर्षी एक मैत्रीण सोऱ्या आणि भाजणी घेऊन आली आणि आम्ही चकल्या पाडल्या. पहिला घाणा बिघडला म्हणून तिने मला दोष दिला. वर्षभरात माझ्याशी इतके नेहमीसारखे कोणी वागले नव्हते.

ठाणे, निवृत्त बँक कर्मचारी

माझा अनुभव काउंटरच्या आतल्या बाजूचा आहे, तरी तो उपयोगी पडेल असे वाटते. तेराव्यानंतर लोक येत, हातात एकच मृत्यू दाखला आणि त्याची फिकट झेरॉक्स. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी लागते आणि त्याच वेळी दाखल्याच्या भरपूर प्रती घेऊन ठेवाव्यात, कारण बँक, विमा, पेन्शन, गॅस, वीज, सोसायटी असे प्रत्येक जण एक मागतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती दिले जातात ते वारसांच्या वतीने, आणि भावाबहिणींची बोलणी बंद झालेली मी पाहिली ती बहुधा या गैरसमजातून. मयताच्या एटीएम कार्डाने पैसे काढत राहू नये, मग गरज कितीही खरी असो. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद करण्यासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचे असते. पुष्कळ घरांत दोन-दोन पिढ्या ते राहून गेलेले असते.

सही वारसालाच करावी लागते, पण रांगेत मित्र उभा राहू शकतो. अर्ज भरून, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली करून, टोकन घेऊन बसलेला एखादा भाचा किंवा शेजारी आला, की मी ते काम त्याच दिवशी संपवत असे. "काही लागले तर सांगा" असे म्हणणाऱ्यांनी हे काम आपणहून मागून घ्यावे.