विषाणू एकच, तरी लहानांवर आणि वृद्धांवर त्याचा परिणाम इतका वेगळा का?

जिज्ञासू:
कोविड-१९ च्या साथीत बहुतेक मुले साध्या सर्दी-तापावर बरी झाली, तर मृत्यूंचा मोठा भार साठी ओलांडलेल्या लोकांवर पडला. तेव्हापासून विषाणूची कोणतीही साथ म्हणजे प्रामुख्याने वृद्धांवरचे संकट, असा समज दृढ झालेला दिसतो. मात्र १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ऐन विशी-तिशीतली धडधाकट माणसे मोठ्या संख्येने दगावली होती. वय वाढले की प्रतिकारशक्ती क्षीण होते, एवढ्याच स्पष्टीकरणाने या दोन्ही गोष्टींचा उलगडा होत नाही. एकाच घरातील आजी आणि नात यांना एकाच विषाणूची बाधा झाली, तर दोघींच्या शरीरांत नेमके काय वेगळे घडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सूक्ष्मदर्शी:
आपली शंका रास्त आहे. वयाचा विचार करताना दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते: शरीर किती थकले आहे ही एक, आणि त्या शरीराची पूर्वी कोणकोणत्या विषाणूंशी गाठ पडली आहे ही दुसरी.

छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, परिपक्व होतात. वयात आल्यानंतर ही ग्रंथी आकसत जाते, त्यामुळे पूर्वी कधीच न भेटलेल्या विषाणूला ओळखू शकतील अशा नव्या टी-पेशींचा साठा उतारवयात तुटपुंजा उरतो. मुलांकडे तो भरपूर असतो. शिवाय त्यांच्या नाकाच्या अस्तरातील पेशी इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनाच्या साहाय्याने लवकर प्रतिकार सुरू करतात, असे कोविडच्या काळातील अभ्यासांत आढळले. वृद्ध शरीरात प्रतिसाद उशिरा सुरू होतो, तोवर विषाणू पुष्कळ वाढलेला असतो, आणि वयोमानामुळे आधीच धुमसत असलेल्या सौम्य दाहात नव्या दाहाची भर पडून तो आवरेनासा होतो. फुप्फुसे, हृदय व मूत्रपिंडे यांची राखीव क्षमताही घटलेली असल्याने तरुण माणूस सहज सोसेल असा ताण त्यांना पेलत नाही.

आता पूर्वपरिचयाविषयी. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर गोवराची साथ आली आणि सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी जवळपास ६,००० जणांना तिची बाधा झाली. तेथे गेलेले तरुण डॅनिश डॉक्टर पीटर पानुम यांनी नोंदवले, की १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. त्या वेळी सुटलेले वृद्ध मात्र या वेळी त्याच्या तावडीत सापडले. मधली ६५ वर्षे बेटांवर गोवर नव्हता. वार्धक्य दोन्ही गटांना सारखेच होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

२००९ च्या एच१एन१ फ्लूच्या (स्वाइन फ्लूच्या) साथीतही हेच दिसले. साठीपुढील सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे आधीपासूनच होती, कारण त्यांच्या बालपणी त्याच्याशी साधर्म्य असलेले विषाणू फिरत होते. त्या साथीतील सुमारे ८० टक्के मृत्यू ६५ वर्षांखालील व्यक्तींचे होते, असा अंदाज आहे. नेहमीच्या हंगामी फ्लूमध्ये प्रमाण साधारणपणे याच्या उलट असते. १९१८ च्या वृद्धांनाही अशाच जुन्या परिचयाचा लाभ झाला असावा, असे अनेक संशोधक मानतात, आणि मला ते पटते. कोविडचा विषाणू सर्वांनाच नवा होता, म्हणून तेथे थकलेल्या शरीराची बाजू उघडी पडली.

पारंबी:
वरील विवेचनाशी सहमत आहे, परंतु ‘लहान मुले’ हा एकच गट धरणे मला धोक्याचे वाटते. पाच वर्षांचे मूल आणि दोन महिन्यांचे तान्हे बाळ यांत प्रचंड अंतर असते. आरएसव्ही हा विषाणू मोठ्या मुलांना केवळ सर्दी देतो. तान्ह्या बाळांच्या अतिशय अरुंद श्वासनलिका मात्र सूज आणि चिकट स्राव यांनी बंद होतात, म्हणून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांत एका टोकाला बाळे आणि दुसऱ्या टोकाला वृद्ध दिसतात. उलट काही आजार बालपणी होणेच सौम्य ठरते. हिपॅटायटिस ए ची बाधा सहा वर्षांखालील बहुतेक मुलांत लक्षणांविना निघून जाते, तर प्रौढांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना कावीळ होते. कांजिण्या मोठेपणी झाल्यास न्यूमोनियाचा धोका वाढतो, आणि तोच विषाणू मज्जापेशींत दडून राहून उतारवयात नागीण म्हणून पुन्हा डोके वर काढतो.

जिज्ञासू:
दोघांचेही आभार. घरात वृद्ध आणि मुले एकत्र राहत असतील, तर साथीच्या दिवसांत आजार ओळखताना कोणता फरक लक्षात ठेवावा?

शुश्रूषा:
वृद्धांच्या बाबतीत केवळ तापमापकावर विसंबू नये. त्यांच्या शरीराचे नेहमीचे तापमान मुळातच थोडे कमी असू शकते आणि गंभीर संसर्गातही ताप फारसा चढत नाही. अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे, जेवणाची इच्छा जाणे किंवा दिवसभर झोपून राहणे हीच कित्येकदा पहिली लक्षणे असतात आणि घरचे ती ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात. यात मोलाचा वेळ जातो, कारण फ्लूवरील विषाणूरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते.

लसीचा प्रतिसादही उतारवयात मंदावतो. त्यामुळे काही देशांत ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी नेहमीच्या लसीच्या चौपट प्रतिजन (शरीराला विषाणूची ओळख करून देणारा घटक) असलेली फ्लूची लस वापरतात. याखेरीज वृद्धांच्या सहवासातील इतरांनी लस घेणे हा मार्ग आहेच. जपानमध्ये शाळकरी मुलांना सरसकट फ्लूची लस देण्याचा कार्यक्रम १९९४ मध्ये बंद झाल्यावर हिवाळ्यातील वृद्धांचे मृत्यू वाढल्याचे एका विश्लेषणात दिसले. त्यातील काही वाढ लोकसंख्येच्या वार्धक्यामुळेही असू शकते, अशी टीका त्यावर झाली.

पारंबी:
एक महत्त्वाची भर घालतो. वृद्धांना हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिनची गोळी घरात असते. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ताप उतरवण्यासाठी ती कदापि देऊ नये. त्यातून मेंदू आणि यकृत यांना इजा करणारा राय सिंड्रोम हा दुर्मिळ पण प्राणघातक विकार उद्भवू शकतो. मुलाच्या तापासाठी पॅरासिटामॉल, तेही वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे.