‘देव पहिला’ म्हणजे नेमकं काय? नोकरी, पैसा, घर यांच्याही मूर्ती होतात का?

मोहरीचा_दाणा:
रविवारी चर्चमध्ये दहा आज्ञांतल्या पहिल्या आज्ञेवर उपदेश ऐकला: माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसावेत (निर्गम 20:3). ही आज्ञा ऐकताना आपण ख्रिस्ती मंडळी निर्धास्त बसतो. घरात मूर्ती नाही, म्हणजे सुटलो! पण कलस्सैकरांस 3:5 मध्ये प्रेषित पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1529 मध्ये याच आज्ञेचा अर्थ सांगताना लिहिलं, की तुझं मन ज्याच्यावर विसंबलेलं असतं तोच खरा तुझा देव.

त्या मापाने माझा देव दोन वर्षं प्रमोशन होता. आधी संध्याकाळची प्रार्थना गेली, मग उपासना चुकायला लागली, आणि गंमत म्हणजे मला काही चुकतंय असं वाटलंच नाही. अजूनही सकाळी डोळे उघडले की हात आधी मोबाइलकडे जातो.

माझं मत सरळ आहे. रविवार देवाचा, कमाईतला पहिला वाटा देवाचा, दिवसाची पहिली वेळ देवाची. यात तडजोड नाही. पटत नसेल तर स्पष्ट सांगा, गुळमुळीत नको.

थोमाचा_भाऊ:
स्पष्टच सांगतो. तुमचं निदान बरोबर आहे, औषध घातक आहे.

आमच्या घरात ‘देव पहिला’ हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो. वडील रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सभेला. दानाच्या यादीत त्यांचं नाव नेहमी वर, आणि आईच्या औषधांच्या वेळी ‘प्रभू बघेल’. प्रभूने बघितलं की नाही माहीत नाही, मावशीने बघितलं.

मार्क 7 काढून वाचा. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून लोक हात झटकत होते. येशू त्यांना भक्त म्हणाला नाही, ढोंगी म्हणाला. 1 तीमथ्य 5:8 तर आणखी कडक: जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट.

दिवटी:
हात मोबाइलकडे जातो कारण गजर त्यातच असतो. माझं बायबलही त्यातच आहे. दिसेल त्या गोष्टीला मूर्ती म्हणत सुटलो तर त्या शब्दाला धार उरणार नाही.

मोहरीचा_दाणा:
दिवटी, गजराचं मान्य. गजर बंद केल्यावरचा अर्धा तास मात्र माझाच.

थोमाचा भाऊ, वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या वडिलांच्या आयुष्यात देव पहिला होता की मंडळीतला मान? मला वाटतं, मान. आणि मत्तय 10:37 चं काय करायचं? ‘जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही.’ ‘अधिक’ म्हटलं की क्रम आलाच.

थोमाचा_भाऊ:
क्रम आला, यादी आली नाही. एक नंबर देव, दोन नंबर घर, तीन नंबर नोकरी, अशी यादी केली की देव घराचा प्रतिस्पर्धी होतो. मग एकाला दिलेला तास दुसऱ्याकडून हिसकावलेला. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारलं तेव्हा येशूने एक विचारली असताना दोन सांगितल्या (मत्तय 22). ते उगीच नाही. आणि दिसणाऱ्या भावावर प्रीती नसेल तर न दिसणाऱ्या देवावर कशी करणार, हा योहानाचा सवाल आहे, माझा नाही.

मागच्या_बाकावरची:
तुम्ही दोघे देव विरुद्ध संसार यावरच भांडताय. मूर्ती देवळातही तयार होते. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळी साप केला, साप चावलेले लोक तो पाहून वाचले (गणना 21). पुढे पिढ्यानपिढ्या लोक त्यालाच धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4). देवाने दिलेली वस्तू, खरा चमत्कार, आणि तरी फोडावी लागली.

माझा साप म्हणजे संडे स्कूलचा वर्ग. बरीच वर्षं शिकवलं, मग तो वर्ग एका नव्या मुलीला दिला. तीन आठवडे मला प्रार्थना करता आली नाही! प्रमोशन हुकल्यावर माणूस जसा धुमसतो तशी धुमसत होते, फक्त तोंडावर ‘प्रभूची इच्छा’ होती. मोहरीचा दाणा, तुमच्या तिन्ही नियमांत मी तेव्हा पैकीच्या पैकी पास झाले असते.

आणि सरसकट नियम येशूनेही लावला नाही. श्रीमंत तरुणाला सगळं विकायला सांगितलं. जक्कय या श्रीमंत जकातदाराने आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं म्हटलं, तर ‘आज या घराला तारण मिळालं’ म्हणाला. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब मागितला नाही.

मोहरीचा_दाणा:
पितळी साप लागला. पण मग ठरवायचं कुणी? ज्याने त्याने? माणसाचं मन म्हणजे मूर्तींचा अखंड चालणारा कारखाना, असं धर्मसुधारक कॅल्विन म्हणायचा. त्या कारखान्याच्या मालकालाच तपासनीस नेमायचं? मला स्वतःची खात्री नाही, म्हणून मला कुंपण लागतं. रविवार मी सोडणार नाही.

थोमाचा_भाऊ:
नका सोडू. कुंपण स्वतःभोवती घाला, बायकोमुलांभोवती नको. आणि तपासनीस हवाच असेल तर घरच्यांना विचारा, तुमचा देव कोण दिसतो म्हणून. माझ्या वडिलांनी आम्हाला कधीच विचारलं नाही.

मोहरीचा_दाणा:
विचारलं. बायको म्हणाली, “प्रमोशनच्या वेळी तू घरात नसायचास. रविवारी उपदेश ऐकून आलास, जेवायच्या आधी हा धागा काढलास, आणि तेव्हापासूनही घरात नाहीस.”

फोन ठेवतो. उत्तरं उद्या वाचेन.